रफूगराचा स्नायू

काचेच्या कपाटातला तो कोट खरं तर केव्हाच कसरीच्या पोटात जायचा. दुकानातले बाकीचे नमुने गेलेच. एका राखाडी जाकिटाची चाळण झाली, मखमलीचा एक तुकडा हात लावला तसा हातातच राहिला. हा गडद निळा लोकरी कोट मात्र अठ्ठावीस-तीस वर्षं जसाच्या तसा टिकला. त्याला टिकवलं रफूबाईंच्या रागाने.

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या कपाट उघडत. पुतळ्याच्या अंगावरून कोट उतरवत, मऊ ब्रशने वरून खाली झाडत, शिवणी तपासत, खिशातली कापराची वडी बदलत. शेवटी कोटाच्या उजव्या छातीवरून अंगठा फिरवत. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे डोळ्याला दिसण्यासारखं नव्हतं. अंगठ्याला कळायचं.

"मास्तर, तुमच्या कोटाची काळजी बाई पोटच्या पोरासारखी घेतात हो," गिऱ्हाइकं म्हणत.

"निष्ठा म्हणतात ती हीच," दुकानाचा मालक मास्तर म्हणे.

रफूबाई मान खाली घालून सुईत दोरा ओवत. निष्ठा होतीच. ती कोणाशी, एवढंच मास्तरला ठाऊक नव्हतं. तोंडावर त्या त्याला 'तुम्ही' म्हणत. मनात त्याला त्यांनी कधी 'तो'च्या वर चढू दिलं नाही.

दुकान लांबट होतं. रस्त्याच्या बाजूला काच आणि काचेमागे तो कोट. मग कापायचं टेबल, एवढं मोठं की त्यावर दोन माणसं झोपली तरी पांघरुणावरून भांडणार नाहीत. टेबलामागे आरसे, आरशांमागे पडदा, पडद्यामागे शिलाईची मशिनं, आणि सगळ्यात शेवटी जिन्याखाली एक फळी. फळीवर रफूबाई, मांडी घालून. मशिनवाले स्टुलावर बसतात, कापणारा दिवसभर उभा असतो. रफू करणाऱ्याला मात्र दोन्ही गुडघे बाहेर टाकून, मधल्या खळग्यात कापड ताणून धरावं लागतं. खुर्चीत बसून ते जमत नाही. जमतं असं म्हणणाऱ्याचं रफू दुरूनही ओळखू येतं.

टेबलामागच्या भिंतीवर माणसाच्या स्नायूंचा तक्ता होता. एका सर्जन गिऱ्हाइकाने दिलेला. कातडी सोललेला एक माणूस तळवे पुढे करून उभा, जणू कपडे कधी मिळणार म्हणून वाट बघतोय. त्याच्या कमरेच्या हाडापासून एक अरुंद पट्टी मांडीवरून तिरकी उतरून गुडघ्याच्या आतल्या अंगाला गेलेली. मास्तरने त्या पट्टीला लाल खडूने कडा काढल्या होत्या. मापाला आलेलं नवं गिऱ्हाईक हात वर करून अडकलं, की तक्त्याचा पाठ सुरू होई.

"हे बघा. सार्टोरियस! लॅटिन आहे. सार्टर म्हणजे शिंपी. माणसाच्या अंगातला सगळ्यात लांब स्नायू कोणाच्या नावाचा? राजाच्या नाही, वकिलाच्या नाही, खुद्द डॉक्टरच्याही नाही. शिंप्याच्या! म्हणजे आमच्या. कापणाऱ्याच्या."

पडद्यामागून म्हातारा मशिनवाला हळूच म्हणे, "सगळ्यात लांब तर मास्तरांची जीभ आहे." मशिनं हसत. रफूबाई हसत नसत. हसलं की राग सांडतो, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांना तो थेंबभरही सांडायचा नव्हता.

रागाची गोष्ट अशी.

तेव्हा मास्तर पगारी कापणारा होता. दुकान म्हाताऱ्या मालकांचं. दुसरा कापणारा म्हणजे रफूबाईंचा थोरला भाऊ. त्याला सगळे दादा म्हणत आणि रफूबाईंना दादाची बहीण. दादा तिला जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रावर कापायला शिकवायचा. बाहीचा गोल तिला त्याच्यापेक्षा बरा जमू लागला, तेव्हा दादा म्हणाला होता, "अजून दोन वर्षांनी मी तुझ्या हाताखाली. पण पगार माझाच जास्त पाहिजे हं." अशी हवा होती.

कोट एका न्यायाधीशांचा होता. कापड त्यांनीच परदेशातून आणलेलं आणि मोजकं. एक पल्ला, म्हणजे कोटाच्या पुढच्या भागाची एक बाजू, चुकला तर दुसरा निघणार नाही इतकं मोजकं. कोटाचा छातीचा खिसा डावीकडे असतो, हे शिंप्याच्या घरातलं रांगतं पोरही जाणतं. पण पल्ले टेबलावर पसरले की आरशातल्यासारखं होतं. डावा कुठला, उजवा कुठला, हे हात ठेवून स्वतःला मोठ्याने सांगावं लागतं. दादा सांगायचा. मास्तरला त्याची लाज वाटे. त्या दिवशी दादा काजांसाठी रेशीम आणायला गेला होता आणि टेबलापाशी मास्तर एकटाच होता. खडूने त्याने रेघ ओढली आणि उजव्या पल्ल्यावर खिशाची चीर दिली.

दादा रेशमाची रिळं मुठीत घेऊन परत आला तो आरडाओरड्यातच शिरला.

"तुमच्या लाडक्याने बघा काय दिवे लावलेत!" मास्तर मालकांना सांगत होता. "सकाळीच चिरून ठेवलं आणि गेला निघून."

"मी? मी हात पण लावला नाही त्याला!"

"मग काय उंदरांनी कापलं?"

मालकांना तोट्यापेक्षा न्यायाधीशांची धास्ती. धास्तावलेल्या माणसाला गुन्हेगार लागतो. तो खरा असला तर बरं, नसला तरी चालतो. मास्तर जुना, मोठी गिऱ्हाइकं त्याची. दादाला त्याच दुपारी घरी पाठवलं. मग मास्तर पडद्यामागे आला आणि त्याने पल्ला बहिणीच्या मांडीवर टाकला.

"भावाने फाडलंय, बहिणीने जोडावं. आजपासून कापाकापीची स्वप्नं बंद. तू आपली रफू कर, रफूबाई."

नाव तिथून पडलं.

तिने पल्ला उजेडात धरला आणि बघताक्षणी कळलं. उजव्या हाताची कात्री उजवीकडून डावीकडे चालते. खिशाची चीर देताना ती थोडी पुढे घसरली, तर डाव्या टोकाला घसरते. ही चीर उलट टोकाला घसरली होती. कॉलरच्या बाजूला, खडूच्या रेघेच्या पुढे, गव्हाच्या दाण्याएवढी. दुकानात डावरा एकच होता, मास्तर. त्याची कात्रीही डावरी, खास घडवून घेतलेली, खिळ्याला टांगलेली. "माझी कात्री दुसऱ्या कोणाच्या हातात चालतच नाही," हे तो अभिमानाने सांगायचा.

ती पल्ला घेऊन मालकांकडे धावली. मालकांनी बघितलंही नाही.

"आधी रफू, मग गाऱ्हाणं. आठवड्यात कोट द्यायचाय."

ती तरुण होती. चांगलं काम करणाऱ्याचं लोक ऐकतात, असं तिला वाटायचं. तिने पल्ल्याच्याच दुमडीतून लांब धागे ओढून काढले, आडवे भरले, उभे भरले, एका धाग्यावरून, एकाखालून, मूळच्या विणीला वीण मिळवत. चिरेच्या कडांना तिने हात लावला नाही. चांगल्या रफूत कडा कापत नाहीत, त्यांच्यावरून नवं कापड विणतात. मग वाफ दिली, ब्रश फिरवला. तसं काम तिने त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही तिच्या हातून झालं नाही.

मालक पल्ला घेऊन खिडकीशी गेले. नखाने चाचपलं, चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं.

"कुठं होती चीर?"

"इथं, मालक. आणि तिचं टोक बघा, या बाजूला..."

"कुठलं टोक? मला तर काहीच दिसत नाही."

"उसवून दाखवते."

"उसवलंस," मालक शांतपणे म्हणाले, "तर तुम्हा दोघांना या गल्लीत कोणी सुईसुद्धा देणार नाही."

घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि दादाची आईवेगळी, नुकती पाऊल टाकू लागलेली पोर. तिने उसवलं नाही. स्वतःच्या हाताने तिने भावाचा एकमेव साक्षीदार गाडला होता, तोही इतका छान, की थडगं कुठे आहे हेच कोणाला कळेना.

दादाला कुठल्याच दुकानाने कात्री दिली नाही. तो गोदामात पोत्यांची तोंडं शिवायला लागला, बोटभर लांब सुईने. न्यायाधीशांची अचानक बदली झाली आणि ते कोट न नेताच निघून गेले. न्याय असा दारापर्यंत येऊन परत फिरला. कोट काचेत लागला. पुढे मालक गेले, त्यांच्यामागे कोणी नव्हतं, दुकान मास्तरकडे आलं. त्याने पुतळ्याच्या पायाशी पितळी पाटी ठेवली : 'एका हाताचं काम'. दोघांनी केलं नाही, चौघांनी केलं नाही, कापण्यापासून काजापर्यंत सगळं मीच, असा तिचा अर्थ.

लोक विचारतील, मग ही बाई त्याच दुकानात का राहिली? कोट तिथे होता म्हणून. मधल्या काळात त्यांना चांगल्या नोकऱ्या सांगून आल्या. एका हॉटेलवाल्याने तर पडदे-चादरींचं अख्खं खातं देऊ केलं होतं. पण त्या गेल्या असत्या, तर कोटाला कसर लागली असती, आणि कसर साक्षीपुरावा बघत नाही. त्यांनी एकटीने उसवून उपयोग नव्हता. मास्तर म्हणाला असता, बाईने आत्ता फाडलं. चीर वाचता येणारे डोळे समोर हवेत, एक-दोन नव्हे, खोलीभर हवेत, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. तोवर बारीकसारीक गोष्टींवर भागवायचं. मास्तरची फाटकी विजार दुरुस्तीला आली, की त्या बैठकीच्या शिवणीत एक टाका असा घालत की उभं असताना काही नाही, बसलं की टोचावं. मास्तरला मूळव्याधीची शंका आली. त्याने औषधं केली, तिखट सोडलं. रफूबाईंच्या आयुष्यातलं ते एक चांगलं वर्ष होतं.

दादाची पोर मोठी होऊन फिजिओथेरपिस्ट झाली. गेल्या वर्षी आत्याची उजवी मांडी फळीवरून उठताना धरू लागली, तेव्हा भाचीने त्यांना आपल्या दवाखान्यातल्या उंच पलंगावर आडवं केलं.

"पाय सैल सोड. आता गुडघा बाहेर. दुखतं?"

"तू अशी दाबलीस तर दगडालाही दुखेल."

"इथून इथपर्यंत ना? कमरेपासून गुडघ्याच्या आत?"

"हो. जशी टेप लावावी तशी रेघ."

"सार्टोरियस."

रफूबाई उठूनच बसल्या. "हा? मास्तरचा स्नायू?"

"मास्तरचा कुठून आला? तुझाच आहे."

"तो सांगतो सगळ्यांना. शिंप्याचा स्नायू, म्हणजे कापणाऱ्याचा. तक्ता लावलाय भिंतीवर."

भाची हसली. "मास्तर मांडी घालून बसतो का?"

"तो? तो चहापण उभ्यानेच पितो. कापणारा बसेल कशाला?"

"मग त्याचं काय काम त्या नावाशी? मांडी घालताना पाय वर उचलतो, बाहेर वळतो, गुडघा दुमडतो, ते सगळं करायला हा स्नायू मदत करतो. पूर्वी युरोपातले शिंपी मांडी घालून काम करायचे, त्यावरून नाव पडलं. विजारीच्या आतल्या शिवणीचं माप इथून जातं म्हणून, असंही काही जण म्हणतात. पण बहुतेक पुस्तकं बसण्याच्याच बाजूने आहेत. आणि आत्या, खरी गंमत पुढे आहे. आम्हाला शिकवणाऱ्या सरांना शब्दांचा नाद. ते सांगायचे, सार्टर आला सार्किरे या क्रियापदावरून. सार्किरे म्हणजे फाटलेलं जोडणं, सांधणं. मुळातला सार्टर नवे कपडे बेतणारा नव्हताच. ठिगळं लावणारा, जुनं नीट करणारा. शिंपी हा अर्थ त्याला मागून चिकटला."

"म्हणजे रफूगर."

"रफूगर."

रफूबाईंनी पलंगाच्या कडेला पाय सोडले. भाचीला वाटलं, आत्याला आनंद होईल.

"दादाची कात्री घेतली," त्या म्हणाल्या. "माझं नाव हिरावलं. मला वाटलं, संपलं. आणि हा बाबा माझी मांडीपण स्वतःच्या नावावर करून बसलाय!"

"फळीवर बसणं आता बंद हं, आत्या. स्नायू फार ताणलाय. एखाद दिवस उठताच येणार नाही."

"बंद. एकदाच बसायचंय अजून."

संधी मास्तरनेच आणून दिली. त्याने निवृत्त व्हायचं ठरवलं आणि शिंपी संघाने त्याचा निरोप समारंभ ठरवला. संघाचे अध्यक्ष पडदे शिवणारे, गोल, हसतमुख गृहस्थ. कोट मंचावर ठेवायचा आणि मग कायमचा संघाच्या दालनात न्यायचा, असा बेत होता. मंचामागच्या कापडावर मास्तरच्या आग्रहाने तो तक्त्यातला सोललेला पाय मोठा करून रंगवला होता, स्नायू लालभडक.

"कोटावरून जरा हात फिरवा, बाई," मास्तर म्हणाला. "तुमच्याइतकं त्याला कोण जपणार?"

"फिरवते," रफूबाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या छातीमागच्या अस्तराची शिवण उसवली, आतलं ताठर कापड मोकळं करून बाजूला केलं आणि अस्तर साध्या धावदोऱ्याने टाचलं. एक धागा ओढला की सुटावं असं. मग अध्यक्षांकडे जाऊन म्हणाल्या, "मला दोन शब्द बोलायचेत. मास्तरांबद्दल."

"वा, वा! मास्तरांना किती बरं वाटेल!"

"बघू या."

घरी दादा खिडकीशी बसून नखं कापत होता. पोत्यांच्या सुईने त्याच्या बोटांची पेरं जाड झालेली, नेहमीची कात्री आता अंगठ्यात शिरत नसे.

"तू यायचंस," रफूबाई म्हणाल्या.

"मला काय करायचंय त्या कोटाशी? पोत्यांना खिसे नसतात. सुखी माणूस आहे मी."

"मी उसवणार आहे."

दादाची कात्री थांबली. त्याने विचारलं, "सगळं?"

"सगळं."

"तुझं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

"म्हणून तर तू पोती शिवलीस."

दादाने उरलेली नखं कापली. मग म्हणाला, "दाराजवळ बसेन. शेवटच्या रांगेत. कंटाळा आला तर सटकता येतं."

समारंभाला गल्लीतले सगळे आले होते. कोटवाले, विजारवाले, मुलींचे झगे शिवणारे, गणवेशवाले, काज-बटणवाले. ज्यांच्या दुकानांनी दादाला दारातून परत पाठवलं, ते म्हातारे पुढच्या रांगांत होते. मास्तरने मानाचा पितळी पत्रा घेतला आणि भाषण केलं. अपेक्षेप्रमाणे ते सोललेल्या पायापाशी आलं.

"सार्टोरियस! परमेश्वराने शिंप्याचं नाव माणसाच्या मांडीत शिवून ठेवलंय. कापणाऱ्याच्या हाताला याहून मोठा मान कुठला?"

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी रफूबाईंचं नाव पुकारलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"खुर्ची नको," रफूबाई म्हणाल्या. त्यांनी पुतळ्यावरून कोट उतरवला, मंचाच्या मधोमध जमिनीवर सतरंजीवर बसल्या आणि मांडी घातली. उजवी मांडी कळवळली. तिला त्यांनी मनातल्या मनात थांब म्हटलं.

"मास्तरांनी शब्द बरोबर सांगितला, अर्थ अर्धाच सांगितला. माझी भाची हेच शिकलीय. सार्टर म्हणजे मुळात फाटलेलं जोडणारा. आणि हा स्नायू लागतो तो असं बसायला. तुमच्यातले किती जण असे बसता, हात वर करा."

पुढच्या रांगेतले दोन-तीन म्हातारे, मागचे रफूवाले, काज करणाऱ्या बायका, हात वर झाले. लोक हसले. मास्तरही हसला. त्याला अजून हे कौतुकच वाटत होतं.

"तेव्हा आज मास्तरांच्या मानासाठी जोडणाऱ्याचं थोडं काम दाखवते," रफूबाई म्हणाल्या आणि अस्तराचा धागा ओढला.

अस्तर पडलं. त्यांनी कोट मांडीवर उलटा ताणला आणि सुईच्या टोकाने पहिला धागा उचलला. मग दुसरा. मास्तरचं हसू तिसऱ्या-चौथ्या धाग्यापर्यंत टिकलं.

"बाई, काय करताय? अहो, काय करताय? थांबवा तिला!"

अध्यक्ष अर्धे उठले. पण समोरच्या रांगेतला एक म्हातारा कोटवाला म्हणाला, "करू दे. खाली काहीतरी आहे." शिंप्यांच्या सभेत एवढं पुरे होतं. शिवणीखाली काय आहे हे बघितल्याशिवाय शिंपी जेवतसुद्धा नाही.

धागे सतरंजीवर पडत राहिले. शेवटचा धागा निघाला, रफूबाईंनी कोट सुलटा करून दोन्ही हातांनी उंच धरला, आणि उजव्या छातीवर एक तोंड उघडलं.

"फाडलं! हिने आत्ता फाडलं!" मास्तर ओरडला.

"फिरवा," रफूबाई म्हणाल्या आणि कोट पुढच्या रांगेत दिला.

म्हाताऱ्या कोटवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "आत्ता फाडलं? कडा बघ की. लोकर दबून बसलीय, रफूच्या सुईची भोकं आहेत. ही चीर माझ्या नातीपेक्षा मोठी आहे वयाने." त्याने कोट शेजाऱ्याकडे दिला. शेजारी म्हणाला, "छातीचा खिसा, आणि उजव्या पल्ल्यावर?" तिसऱ्याने नुसताच अंगठा फिरवला, चिरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कॉलरकडच्या टोकाशी थांबला. "इकडे घसरलीय." चौथ्यानेही तिथेच अंगठा ठेवला. कोट रांगेरांगेने मागे जाऊ लागला, आणि प्रत्येक जण तेच करी. कोणी काही सांगत नव्हतं. सांगायची गरज नव्हती. अंगठा उचलला की माणूस मान वर करून मंचाकडे बघे.

मास्तरने पितळी पत्रा डाव्या हातात धरला होता. तो त्याने घाईने उजव्या हातात घेतला. ते सगळ्यांनी पाहिलं.

"एक चीर!" तो म्हणाला, आवाज चिरकला. "एवढ्या वर्षांत एक चीर! माणूस आहे. चूक होत नाही कोणाची?"

आपण काय बोलून बसलो हे त्याला कळायच्या आत सभागृहाला कळलं होतं.

"चूक होते," रफूबाई खालूनच म्हणाल्या. "चूक तुझी होती, मास्तर. पोती माझ्या भावाने शिवली."

दुकानातल्या माणसांनी नंतर सांगितलं, की चिरेपेक्षा त्या 'तुझी'ने मास्तर जास्त खचला. ते खरं असेल-नसेल. पुढच्या रांगेतला म्हातारा कोटवाला उठला, टोपी घातली आणि मास्तरचा निरोप न घेता, मधल्या वाटेने थेट शेवटच्या रांगेकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे उठले. कोट त्यांच्याआधी तिथे पोचला होता. तो दादाच्या मांडीवर होता.

अध्यक्ष रफूबाईंजवळ वाकले. घाम पुसत हळू आवाजात म्हणाले, "बाई, झालं ते झालं. पण दालनात ठेवायचाय. परत जोडून द्याल ना? तुम्हालाच जमेल."

"मलाच जमेल. म्हणूनच नाही देणार. असाच ठेवा, चीर काचेकडे करून."

"आणि ती पाटी? एका हाताचं काम?"

"ती राहू द्या. खोटं काय आहे त्यात?"

सभा पांगू लागली. रफूबाईंनी उठायचा प्रयत्न केला आणि मांडीने साफ नकार दिला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक तापलेली तार. त्या तशाच बसून राहिल्या, धाग्यांच्या ढिगाशेजारी. मंचावर आता दुसरं कोणी नव्हतं, फक्त मास्तर. सवयीने म्हणा, भेदरून म्हणा, त्याने वाकून हात पुढे केला. डावा.

रफूबाईंनी त्या हाताकडे नीट बघून घेतलं. इतकी वर्षं तो त्यांनी फक्त कापडावर बघितला होता. म्हातारा झाला होता, नखं स्वच्छ होती.

"त्या हाताने नको," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

मास्तरने हात मागे घेतला. मग मंचाच्या मागच्या दाराने निघून गेला. त्या सोललेल्या लाल पायाखालून जाताना त्याला मान वाकवावी लागली.

दादा मधल्या वाटेने आला. त्याच्याभोवती चार म्हातारे एकदमच बोलत होते आणि तो कोणाचंच ऐकत नव्हता. कोट हातावर घेतलेला. मंचाशी येऊन त्याने चिरेची कड बोटाने वर केली, उजेडात धरली.

"किती बारीक काम होतं गं."

"होतं."

"ऊठ आता."

"पाय अडकलाय. सोडवत नाही."

"सगळ्यात लांब स्नायू," दादा म्हणाला. "वेळ लागणारच." आणि पोत्यांनी जाड झालेला उजवा हात त्याने खाली दिला.